ऊसनोंद, चुकांची यादी आणि मोनॅड

बेळगावात टिळकवाडीतल्या एका लहान सॉफ्टवेअर कार्यालयात मी प्रोग्रॅम लिहिण्याचे काम करतो. आमची गिऱ्हाइके म्हणजे साखर कारखाने, पतसंस्था आणि उद्यमबागेतल्या फाउंड्री. मोनॅड (अपयशासारखे परिणाम सांभाळून फंक्शने जोडण्याची रचना) आणि कॅटेगरी थिअरी (ती जिथून आली ती गणिताची शाखा) ही नावे अशा ठिकाणी सहसा ऐकू येत नाहीत, आणि आली तरी ती बंगळूर-पुण्याच्या मुलाखतींत विचारण्यापुरतीच असावीत असा समज असतो. माझ्या वाट्याला मात्र ती एका कारखान्याच्या ऊसनोंदीचा जुना प्रोग्रॅम नव्याने लिहिताना आली, आणि तिथेच मला त्यांचा अर्थ लागला.

ऊसनोंदीचे काम बाहेरून सोपे दिसते. शेतकरी लावण किंवा खोडवा नोंदवतो, तेव्हा शेतकी विभाग त्याचा सर्वे नंबर, हिस्सा, क्षेत्र, उसाची जात, लावणीची तारीख आणि बँक खाते टिपून घेतो. गळीत हंगाम सुरू झाला की चिटबॉय तोडणीची चिठ्ठी देतो, ट्रॅक्टर वजनकाट्यावर येतो आणि भरलेल्या व रिकाम्या वजनाच्या फरकावरून पावती निघते. बिल काढताना हाच प्रवास उलट दिशेने करावा लागतो: पावतीवरून चिठ्ठी, चिठ्ठीवरून नोंद, नोंदीवरून सभासद, सभासदावरून खाते. यातला प्रत्येक टप्पा निष्फळ ठरू शकतो. चिठ्ठी रद्द झालेली असते, नोंद मागच्या हंगामाची निघते, सभासद वारलेला असून वारसाची नोंद व्हायची असते, किंवा खाते बंद पडलेले असते.

जुना प्रोग्रॅम जावामध्ये होता आणि त्यात प्रत्येक टप्प्यानंतर नल, म्हणजे 'इथे किंमतच नाही' ही खूण, तपासलेली होती. नलची कल्पना 1965 साली अल्गोल-डब्ल्यू या भाषेसाठी मांडणाऱ्या टोनी होर यांनीच 2009 साली तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटले. आमच्या प्रोग्रॅममध्ये ती 'जर'च्या आत 'जर' अशी चार पातळ्या खोल गेली होती. त्यात खरी अडचण लांबीची नव्हती. चौथ्या पातळीवर नल आले की प्रोग्रॅम नुसता 'खाते मिळाले नाही' असे सांगत असे. ते का मिळाले नाही, हे शोधायला माणूसच लागायचा.

नव्या प्रोग्रॅमसाठी स्काला ही भाषा ठरली, कारण ती जावाच्याच यंत्रणेवर चालते आणि जुनी लायब्ररी फेकून द्यावी लागत नाही. स्कालामध्ये आयदर नावाचा टाइप, म्हणजे किमतीचा प्रकार, आहे: उजव्या बाजूला उत्तर, डाव्या बाजूला न मिळण्याचे कारण. 2.12 या आवृत्तीपासून आयदर उजव्या बाजूला झुकता धरला जातो, म्हणजे त्यावर थेट मॅप (उत्तर असल्यास त्यावर साधे फंक्शन चालवणे) आणि फ्लॅटमॅप चालवता येतात. इथपर्यंत कोणताही सिद्धान्त लागला नाही. पण फ्लॅटमॅप म्हणजे नेमके काय, ते आयदरवरही आहे आणि लिस्टवरही आहे हा योगायोग की नियम, हे कळल्याखेरीज त्यावर कारखान्याची बिले सोपवायला माझी तयारी नव्हती.

वाचायला बसल्यावर मोनॅड म्हणजे डबा, आत किंमत ठेवायची आणि झाकण न काढता काम करायचे, अशा धाटणीची स्पष्टीकरणे भरपूर मिळाली. लिस्ट आणि मेबी (किंमत असेल किंवा नसेल असा हॅस्केल या भाषेतला टाइप) यांच्यापुरता डबा चालतो. पण ज्या मोनॅडमध्ये आत ठेवलेले असे काहीच नसते, उदाहरणार्थ स्टेट किंवा रीडर, जिथे मोनॅडची किंमत हे मुळात एक फंक्शनच असते, तिथे डब्याचा उपयोग संपतो. म्हणून ते सारे बाजूला ठेवले आणि आपल्याच फंक्शनांचे टाइप कागदावर लिहून काढले:

चिठ्ठी शोधा : पावती → कारण किंवा चिठ्ठी
नोंद शोधा : चिठ्ठी → कारण किंवा नोंद
सभासद शोधा : नोंद → कारण किंवा सभासद

एका खाली एक लिहिल्यावर पेच स्पष्ट दिसतो. साधी फंक्शने जोडायची तर पहिल्याचे उत्तर ज्या टाइपचे, तेच दुसऱ्याला हवे. इथे पहिले फंक्शन 'कारण किंवा चिठ्ठी' देते आणि दुसऱ्याला निव्वळ 'चिठ्ठी' हवी आहे. फ्लॅटमॅप, ज्याला हॅस्केलमध्ये बाइंड म्हणतात, एवढेच करतो: उत्तर असेल तर ते पुढच्या फंक्शनला देतो, कारण असेल तर तेच पुढे सरकवतो. तो मी लायब्ररीतला न घेता हाताने लिहून पाहिला. दोन ओळींचे काम आहे.

कॅटेगरी थिअरीचा उपयोग मला या दोन ओळींनंतर कळला. कॅटेगरी म्हणजे काही वस्तू, त्यांच्यामध्ये बाण, बाण जोडण्याची रीत आणि प्रत्येक वस्तूसाठी काहीही न बदलणारा एक बाण. जोडणी कोणत्या क्रमाने कंसात घातली तरी परिणाम एकच यावा, एवढी अट. टाइप म्हणजे वस्तू आणि फंक्शन म्हणजे बाण ही नेहमीची कॅटेगरी झाली. आता वस्तू त्याच ठेवून बाणाची व्याख्या बदलायची: पावतीपासून चिठ्ठीकडे जाणारा बाण म्हणजे 'पावती → कारण किंवा चिठ्ठी' या टाइपचे फंक्शन. अशा बाणांची जोडणी म्हणजे बाइंड, आणि काहीही न बदलणारा बाण म्हणजे आलेली किंमत तशीच उजव्या बाजूला ठेवणारे प्युअर. मोनॅडचे म्हणून जे तीन नियम सांगितले जातात, ते म्हणजे ही नवी रचना खरोखर कॅटेगरी आहे एवढेच विधान होय. हे बाण 1965 साली हाइनरिश क्लायस्ली यांनी मांडले, म्हणून त्या कॅटेगरीला त्यांचे नाव आहे. बी.एस्सी.ला गणितात ग्रुपचे नियम पाठ केले होते. हे तीन नियम पाठ करावे लागले नाहीत, कारण ते कुठून आले हे समोर दिसत होते.

इतिहासाचा क्रमही इथे उपयोगी पडतो. कॅटेगरीची कल्पना सॅम्युएल आयलनबर्ग आणि सॉन्डर्स मॅक लेन यांनी 1945 साली प्रसिद्ध केली ती टोपॉलॉजीतल्या प्रश्नांसाठी. प्रोग्रॅमिंगशी तिचा हा सांधा यूजेनियो मोजी यांनी 1989 साली जुळवला: अपयश, अवस्थाबदल, अनेक उत्तरे अशा निरनिराळ्या परिणामांना मोनॅडच्या एकाच साच्यात बसवता येते, असे त्यांनी दाखवले. फिलिप वॉडलर यांनी ते प्रोग्रॅमरांच्या हातात दिले आणि 1996 सालच्या हॅस्केल 1.3 मध्ये इनपुट-आउटपुटसाठी मोनॅड अधिकृतपणे आला. म्हणजे हॅस्केल ही भाषा मोनॅडसाठी जन्मलेली नाही. तिचा पहिला अहवाल 1990 सालचा आहे आणि त्यात इनपुट-आउटपुटची तजवीज वेगळी होती.

नियमांचा व्यवहारात उपयोग काय, तर चार टप्प्यांच्या साखळीतले मधले दोन टप्पे उचलून वेगळ्या नावाच्या फंक्शनमध्ये ठेवता येतात आणि बिलाच्या आकड्यात फरक पडत नाही, याची हमी. तिसरा नियम, म्हणजे कंस कुठेही घाला, हा त्या हमीचाच दुसरा चेहरा आहे. 'चिठ्ठीवरून सभासद' हा भाग बिलासाठी लागत होता आणि ऊसविकासाच्या कर्जवसुलीसाठीही लागत होता. तो एकदा वेगळा काढून दोन्हीकडे वापरला आणि त्यासाठी जुन्या पावत्या नव्याने पडताळत बसावे लागले नाही.

नियम नसले की काय होते, याचा नमुना जावाच्याच 2014 सालच्या आठव्या आवृत्तीत आहे. तिथला ऑप्शनल दिसायला मेबीसारखा, पण मॅपला दिलेल्या फंक्शनने नल परत केले की तो मुकाट्याने रिकामा होतो. समजा, एक फंक्शन सभासदाचा मोबाइल क्रमांक देते आणि नसल्यास नल देते. दुसरे फंक्शन नल आले तर 'मोबाइल नोंदवलेला नाही' असा मजकूर देते. दोन्ही फंक्शने आधी जोडून एकदाच मॅप केले तर मजकूर मिळतो. एकामागोमाग दोनदा मॅप केले तर दुसरे फंक्शन चालतच नाही आणि रिकामा ऑप्शनल हाती येतो. ज्या रचनेवर मॅप चालतो तिला फंक्टर म्हणतात, आणि फंक्टरचा नियम म्हणतो की दोन्ही सारखेच असले पाहिजे. जुन्या लायब्ररीतून येणारा ऑप्शनल आम्ही म्हणून वेशीवरच स्कालाच्या ऑप्शनमध्ये बदलून घेतो आणि आत येऊ देत नाही.

एवढे जमल्यावर सगळीकडे मोनॅडच लावण्याचा मोह होतो, आणि तो महाग पडतो. बँक खात्याची खातरजमा नेटवर्कवरून होते, त्यामुळे तिचे उत्तर फ्यूचरमध्ये, म्हणजे नंतर येणाऱ्या उत्तराच्या टाइपमध्ये, गुंडाळलेल्या आयदरचे येते. दोन फंक्टर एकात एक ठेवले तर फंक्टरच मिळतो, दोन ॲप्लिकेटिव्हचेही (ही रचना पुढे येते) तसेच. पण दोन मोनॅड एकात एक ठेवले तर मोनॅड मिळेलच असा सर्वसाधारण नियम नाही. त्यासाठी एका मोनॅडवर दुसरा चढवणारे मोनॅड ट्रान्सफॉर्मर लागतात, आणि कॅट्स या लायब्ररीतला आयदर-टी आम्ही वापरलाही. शिवाय स्कालाचा फ्यूचर तयार होताच चालू लागतो. दोन चौकशा आधी नावे देऊन वर लिहिल्या तर त्या एकाच वेळी सुटतात आणि साखळीच्या आत लिहिल्या तर एकीमागून एक सुटतात, म्हणजे एखाद्या पदावलीला नाव दिल्यानेच वर्तन बदलते. जे समीकरणाने तपासता येते अशी आमची अपेक्षा होती, त्यातच हा अपवाद शिरतो. हाताखाली शिकणाऱ्या मुलांना आयदर-टीच्या चुकांचे संदेश वाचून दाखवता दाखवता माझे मत असे बनले की नेटवर्क कडेला ठेवावे आणि गाभ्यात साधा आयदर असावा. आयदर-टी आता एकाच फाइलमध्ये आहे.

खरा धडा मात्र शेतकी विभागाच्या टेबलावर मिळाला. नव्या नोंदी भरताना त्या तपासण्यासाठी पहिल्या टप्प्यात आयदरचीच साखळी होती: सर्वे नंबर तपासा, मग क्षेत्र, मग खाते, मग मोबाइल. वापरून पाहिल्यावर तिथल्या ज्येष्ठ लिपिकांनी, ज्यांना सगळे काका म्हणतात, मला बोलावून घेतले.

"अहो सर, एक चूक नीट केली की हे दुसरी काढतंय, ती नीट केली की तिसरी. सगळ्या एकदमच सांग म्हणावं की ह्याला! माणूस खानापुरातनं आलेला असतोय, परत परत कुठं बोलावू?"

"बघतो काका, तसं करायला येतंय," असे मी म्हणालो खरा, पण ते बाइंडने येत नाही, हे लक्षात यायला घरी जाऊन टाइप पुन्हा लिहावे लागले. बाइंडमध्ये पुढचा टप्पा हे मागच्याच्या उत्तरावर चालणारे फंक्शन असते. मागचे उत्तरच नसेल तर पुढचे फंक्शन चालवायला हातात काही नसते, म्हणून तो पहिल्याच चुकीवर थांबतो. थांबणे हा त्याचा दोष नाही, तेच त्याचे काम आहे. सर्वे नंबर आणि आयएफएससी कोड यांचा मात्र एकमेकांशी काही संबंध नाही. कोडमध्ये अकरा अक्षरे आहेत का आणि पाचवे शून्य आहे का, हे पाहायला सर्वे नंबर कशाला कळायला हवा?

एकमेकांवर न विसंबणाऱ्या गोष्टी जोडण्यासाठी जी हलकी रचना आहे, तिला ॲप्लिकेटिव्ह म्हणतात. कॉनर मॅकब्राइड आणि रॉस पॅटरसन यांनी 2008 साली तिच्यावर स्वतंत्र लेख लिहिला. कॅट्समध्ये यासाठी व्हॅलिडेटेड हा टाइप आहे. तो आयदरसारखाच दिसतो, पण दोन्ही बाजू चुकल्या तर दोन्ही चुका एकत्र करतो, आणि त्याला फ्लॅटमॅप मुद्दाम दिलेला नाही. कारण असे: मोनॅड असेल तर त्याच्या फ्लॅटमॅपवरून जी जोडणी तयार होते ती आणि ॲप्लिकेटिव्हची जोडणी एकच असली पाहिजे. फ्लॅटमॅपची जोडणी पहिल्या चुकीवर थांबणार आणि व्हॅलिडेटेडची जोडणी सर्व चुका गोळा करणार. दोन्ही एकाच टाइपवर नियम पाळून राहू शकत नाहीत. म्हणजे इथे अधिक ताकदीची रचना घेतली की हवे ते काम हातातून जाते. पुस्तकात फंक्टर, ॲप्लिकेटिव्ह, मोनॅड अशी चढती शिडी दाखवतात, त्यामुळे वरची पायरी नेहमीच बरी असे वाटत राहते. व्यवहारात मी आता शक्य तितक्या खालच्या पायरीवर थांबतो.

चुका एकत्र करायच्या तर त्या जोडण्याची रीतही लागते, आणि तिथे फक्त एवढी अट आहे की कंस कुठेही घातले तरी यादी तीच यावी. यादी रिकामी असता कामा नये, नाहीतर 'नोंद चुकीची आहे पण चूक एकही नाही' असा विचित्र निकाल शक्य होतो. त्यासाठी कॅट्समध्ये रिकामी नसणारी साखळीच टाइप म्हणून मिळते. बदल केल्यावर काकांच्या पडद्यावर एका नोंदीखाली एकदम असे आले: हिस्सा क्रमांक रिकामा, क्षेत्र 1 एकर 45 गुंठे, गुंठे 39 पेक्षा जास्त असू शकत नाहीत, आयएफएससी कोडमध्ये दहाच अक्षरे. समोर बसलेल्या शेतकऱ्याने पासबुक काढून कोड पुन्हा वाचून दाखवला आणि नोंद त्याच बैठकीत पुरी झाली.

एका ठिकाणी मात्र अवलंबन खरेच आहे. नोंदवलेले उसाचे क्षेत्र उताऱ्यावरच्या एकूण क्षेत्रापेक्षा जास्त नाही ना, हे पाहायचे तर उतारा सापडला पाहिजे, आणि उतारा सर्वे नंबरावरूनच सापडतो. तेवढा जोड आम्ही व्हॅलिडेटेडच्या अँडदेनने केला, जो आधीच्या उत्तरावर पुढची तपासणी चालवतो पण मोनॅड असल्याचा दावा करत नाही. सर्वे नंबरच चुकला असेल तर ही क्षेत्राची चूक यादीत येत नाही, आणि ती येऊही नये, कारण तो प्रश्न अजून विचारताच येत नाही. कार्यालयात कोणाचाही नवा कोड तपासताना मी आता प्रत्येक फ्लॅटमॅपपाशी एकच विचारतो: दुसऱ्या टप्प्याला पहिल्याचे उत्तर खरोखर लागते का? बऱ्याच ठिकाणी लागत नाही.

क्षेत्राच्या बेरजेत तर मोनॅडही नको आणि ॲप्लिकेटिव्हही नको. तिथे त्यांच्या मुळाशी असलेला मोनॉइड, म्हणजे कंसाचा नियम पाळणारी जोडणी आणि तिचे शून्य, पुरतो. (मोनॅड म्हणजे एंडोफंक्टरांच्या कॅटेगरीतला मोनॉइड, हे थट्टेत वारंवार येणारे वाक्य मॅक लेन यांच्या 1971 सालच्या पुस्तकातल्या विधानावरून आलेले आहे आणि ते अगदी बरोबर आहे, फक्त मोनॉइड आधी ओळखीचा असावा लागतो.) कर्नाटकातल्या उताऱ्यावर क्षेत्र एकर, गुंठे, आणे असे लिहितात: 16 आण्यांचा गुंठा, 40 गुंठ्यांचा एकर. जुन्या एक्सेल शीटमध्ये 2 एकर 35 गुंठे हे 2.35 असे आणि 1 एकर 20 गुंठे हे 1.20 असे लिहून बेरीज 3.55 दाखवली जात होती. खरी बेरीज 4 एकर 15 गुंठे. आम्ही क्षेत्राला स्वतःचा टाइप दिला, त्याची बेरीज आणि शून्य ठरवले आणि कंसाचा नियम पाळला जातो हे आपोआप तयार केलेल्या हजारो नमुन्यांवर तपासले.

पण कारखान्याला ऊस सीमेच्या दोन्ही बाजूंनी येतो. चंदगड, गडहिंग्लजकडचा शेतकरी सातबारा आणतो आणि त्यावर हेक्टर-आर असतात. म्हणजे दोन मोनॉइड आणि त्यांच्यामध्ये एक रूपांतर. या रूपांतराकडून अपेक्षा अशी की आधी बेरीज करून मग बदलले काय किंवा आधी बदलून मग बेरीज केली काय, उत्तर एकच यावे. रचना जपणारा बाण म्हणतात तो हाच. एक गुंठा म्हणजे सुमारे 1.0117 आर. 1 एकर 20 गुंठ्यांचे दोन तुकडे घेतले तर प्रत्येकाचे 60.70 आर, पूर्णांकात 61, आणि दोन्ही मिळून 122. तेच आधी मिळवून 120 गुंठ्यांचे रूपांतर केले तर 121.41, पूर्णांकात 121. पूर्णांक केला की बाण रचना जपत नाही, आणि विभागाच्या तक्त्यातल्या बेरजा गावांच्या बेरजांशी जुळत नाहीत. म्हणून डेटाबेसमध्ये कर्नाटकातले क्षेत्र पूर्ण आण्यांत आणि महाराष्ट्रातले चौरस मीटरमध्ये, जसे आले तसेच साठवतो. बेरीज आपापल्या मोनॉइडमध्ये करतो, आणि आरमध्ये बदलून पूर्णांक करायचे काम तक्ता छापण्याच्या शेवटच्या फंक्शनवर सोडतो.